तिसऱ्या दिवशीची सर्दी

दमा असलेल्या घरात सर्दीचे दिवस मोजले जातात. पहिल्या दिवशी नाक गळतं, शिंका येतात, डोळे जड होतात. दुसऱ्या रात्री खोकला लागतो, कोरडा आणि आवरता न येणारा. मग सगळ्यांचं लक्ष तिसऱ्या दिवसाकडे. ज्यांना दमा नाही त्यांची सर्दी एव्हाना ओसरू लागलेली असते. दम्याच्या माणसाची सर्दी नेमकी तेव्हा छातीत उतरते.

माझ्या मुलीच्या लहानपणी हे इतक्यांदा झालं, की तिच्या नाकाला पाणी सुटलेलं दिसलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा. आणि दर वेळी एकच गोष्ट छळायची. सर्दी तर घरात सगळ्यांनाच झालेली असायची. तिचे बाबा चार रुमाल भिजवून बरे व्हायचे, मी एखादा दिवस आडवी पडायचे, आणि ती मात्र रात्रभर उशांना टेकून बसलेली असायची. विषाणू तोच, घर तेच, हवा तीच. मग तिच्याच छातीत असं काय होत होतं?

या प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षं आहे. मी डॉक्टर नाही. पण आजार घरात मुक्कामाला आला की माणूस वाचायला लागतो, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडतो, आणि हळूहळू काही धागे हाती लागतात. मला लागलेला धागा असा, की दम्याच्या झटक्यात विषाणूच्या करामतीपेक्षा शरीर त्याला जे उत्तर देतं त्या उत्तराचा वाटा मोठा आहे. हे एकदा उमगलं की ‘साधीच तर सर्दी आहे’ हे वाक्य दम्याच्या माणसासमोर बोलवत नाही.

आधी संशयिताबद्दल. सर्दीने दमा उसळतो हे आयांना पूर्वीपासून ठाऊक होतं, पण पुराव्याने सिद्ध व्हायला बराच काळ गेला. प्रयोगशाळेत विषाणू वाढवून ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत बहुतेक विषाणू निसटून जायचे, त्यामुळे धूळ, परागकण, थंड हवा, नाहीतर सरळ मनाचे खेळ, यांच्यावर खापर फुटायचं. विषाणूचा जनुकीय अंश शोधून काढणारं पीसीआर तंत्र आलं आणि चित्र पालटलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी ९ ते ११ वर्षांच्या १०८ मुलांवर १३ महिने लक्ष ठेवलं आणि १९९५ साली निष्कर्ष मांडले. मुलं घरी श्वासाचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून आकडे लिहीत होती, आणि तब्येत बिघडली की नाकातला नमुना तपासला जात होता. छातीच्या बिघाडाच्या ८० ते ८५ टक्के प्रसंगांत विषाणू सापडला, आणि त्यात सर्वांत जास्त वेळा सापडला तो ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे नेहमीच्या सर्दीचा विषाणू. मोठ्या माणसांत हे प्रमाण कमी भरतं, पण तिथेही साधारण निम्म्या झटक्यांमागे विषाणू निघतो.

कॅनडातल्या संशोधकांनी तर दम्याचं वेळापत्रकच मांडून दाखवलं. तिथे उन्हाळ्याची सुट्टी संपून सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडतात, आणि दर वर्षी त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दम्यामुळे रुग्णालयात येणाऱ्या शाळकरी मुलांचा आकडा एकदम उसळी घेतो. त्यापाठोपाठ घरातली धाकटी भावंडं येतात, मग मोठी माणसं. विषाणू वर्गातून घरात कसा फिरला याचा नकाशाच तो. २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याची उलट बाजू दिसली: अनेक देशांत दम्याचे झटके आणि तातडीने रुग्णालयात धावण्याची वेळ येणं लक्षणीय घटलं. त्या भीतीच्या महिन्यांत आमच्या घरात एक गोष्ट चांगली घडत होती. मुलीची छाती शांत होती.

ऱ्हायनोव्हायरस म्हणजे एकच कुणी नव्हे. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार माहीत आहेत आणि ते ए, बी आणि सी अशा तीन गटांत मोडतात. यातला सी गट उजेडात आला २००६ च्या सुमारास, कारण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींमध्ये तो वाढतच नव्हता. पुढची गोष्ट मला फार आवडते. २०१४ मध्ये डेन्मार्कमधले संशोधक लहान वयात दम्याच्या तीव्र झटक्यांनी पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती झालेल्या मुलांची जनुकं तपासत होते. त्यांना सीडीएचआर३ नावाच्या जनुकातला एक बदल ठळकपणे दिसला. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन श्वासनलिकेत काय काम करतं, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. दुसरीकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले विषाणुतज्ज्ञ सी गटाचा विषाणू पेशीत शिरतो तरी कुठून, हे शोधत होते. २०१५ मध्ये त्यांना उत्तर मिळालं: सीडीएचआर३. जनुकांच्या वाटेने निघालेले आणि विषाणूच्या वाटेने निघालेले एकाच दारात येऊन भेटले. ज्या मुलांमध्ये तो बदल असतो त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन जास्त प्रमाणात असतं, म्हणजे विषाणूला धरायला जागाच जास्त.

पण एवढ्याने गोष्ट संपत नाही, कारण ऱ्हायनोव्हायरस फार मोडतोड करणारा विषाणू नाही. इन्फ्लुएन्झा श्वासनलिकेचं अस्तर सोलवटून काढतो. ऱ्हायनोव्हायरस मात्र इथे थोड्या पेशी, तिथे थोड्या पेशी, असा ठिपक्याठिपक्यांनी पसरतो. थंड नाकाच्या तापमानातच तो सुखाने वाढतो, छातीत उतरतच नाही, असं बराच काळ मानलं जायचं. प्रयोगासाठी स्वेच्छेने सर्दी लावून घेतलेल्या माणसांच्या श्वासनलिकेतले नमुने तपासल्यावर तो खालीही पोहोचतो हे कळलं. तरी तिथेही त्याने केलेली नासधूस मोठी नसते. मग एवढा दम कोंडतो तो कशाने?

श्वासनलिकेचं आतलं अस्तर हे नुसतं आवरण आहे, असं मला पूर्वी वाटायचं. सूक्ष्मदर्शकातून टिपलेला त्याचा एक व्हिडिओ पाहिला आणि तो समज गेला. पेशींच्या माथ्यावर बारीक केसांसारखे तंतू होते, सगळे एका लयीत एकाच दिशेने झुकत होते, आणि वरचा चिकट थर कणाकणाने पुढे सरकत होता. मध्येच फुगीर पेशी होत्या, बेडका तयार करणाऱ्या. थोडा वेळ बघत राहिलं की कळतं, ही जागा सतत काम करते आहे. आणि विषाणू आला की पहिली खबर हीच जागा देते.

ती खबर मुख्यतः दोन प्रकारची असते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दम्याचं सगळं नाट्य या दोन खबरींच्या प्रमाणात आहे.

पहिली खबर इंटरफेरॉनची. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी हे प्रथिन शोधलं. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होऊन विषाणूची नक्कल होऊ न देण्याच्या तयारीला लागतात. हे जितक्या लवकर होईल तितका विषाणू जागच्या जागी अडतो. २००५ मध्ये साउदॅम्प्टनच्याच शास्त्रज्ञांनी दमा असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या श्वासनलिकेतल्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि दोन्हींना ऱ्हायनोव्हायरसची लागण केली. दम्याच्या माणसांच्या पेशींनी इंटरफेरॉन बीटा कमी तयार केलं आणि त्यांच्यात विषाणू कितीतरी जास्त वाढला. बाहेरून इंटरफेरॉन घातल्यावर मात्र त्याची वाढ आटोक्यात आली. पुढच्याच वर्षी लंडनहून इंटरफेरॉन लॅम्डाबद्दल असाच निष्कर्ष आला. सगळ्या प्रयोगशाळांना हाच निकाल मिळाला असं नाही. दम्याचे प्रकार वेगवेगळे, त्याचा जोर वेगवेगळा, उपचार वेगवेगळे, त्यामुळे असं होणारच. इंटरफेरॉन बीटा हुंगायला देऊन सर्दीतला दमा रोखता येतो का, हेही तपासून झालं. २०१४ मध्ये त्या चाचणीचा निकाल आला तेव्हा सगळ्या रुग्णांचा मिळून विचार करता अपेक्षित फायदा दिसला नाही, ज्यांचा दमा अधिक अवघड होता त्यांच्यात थोडा दिसला. तरीही निदान काही दमेकऱ्यांमध्ये ही पहिली खबर क्षीण किंवा उशिरा जाते, हे मला पटतं.

दुसरी खबर धोक्याची. अस्तराला इजा झाली की पेशी टीएसएलपी, आयएल-३३ आणि आयएल-२५ ही रसायनं सोडतात. ती पोहोचतात आयएलसी-२ नावाच्या प्रतिकार-पेशींपर्यंत. या पेशींची ओळखच २०१० च्या आसपास पटली, इतका हा शोध ताजा आहे. पूर्वीची ॲलर्जी असो वा नसो, या पेशी झटपट जाग्या होतात आणि आयएल-५ आणि आयएल-१३ या आणखी दोन रसायनांचा लोट सोडतात. आयएल-५ इओसिनोफिल जातीच्या पांढऱ्या पेशींना बोलावतं आणि जगवतं. आयएल-१३ बेडका तयार करणाऱ्या पेशी वाढवतं आणि श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंना आकसायला तयार करतं. खरं तर ही सगळी फौज जंतांसारख्या मोठ्या शत्रूसाठी घडली आहे. एवढ्याशा विषाणूविरुद्ध ती फारशी कामाची नाही, आणि तिच्या येण्या-जाण्यात नळी मात्र बुजते. अस्तर सुजतं, स्नायू आवळतात, बेडका दाटतो. इथे भौतिकशास्त्रही निर्दय आहे. नळीची त्रिज्या कमी होत गेली की तिच्यातून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा सोळापट. लहान मुलाची श्वासनलिका मुळातच बारीक. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढ्या सुजेने तिथे श्वास अडकतो.

हा सोळापट अडथळा कसा दिसतो ते एका रात्री मी बारकाईने पाहिलं आहे. मुलगी बसलेली होती, पुढे झुकून, दोन्ही तळवे गादीवर रोवून. दर श्वासाला गळ्याच्या खालची खळगी आत ओढली जायची, फासळ्यांमधल्या फटी खोल व्हायच्या, नाकपुड्या फुलायच्या. श्वास आत जायला वेळ लागत नव्हता, बाहेर यायला लागत होता. त्या लांबलेल्या उच्छ्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी, तीही एका सुरात नाही, दोन-तीन सूर एकात एक गुंतलेले. मी तिला पंप द्यायला घेतला, पंपाला जोडायच्या स्पेसर नळीचा मास्क तोंडावर धरला आणि त्याची छोटी झडप हलताना बघत राहिले. झडप पुरेशी उघडली तर औषध आत जातंय. सुरुवातीला ती जेमतेम थरथरत होती. मुलगी मला म्हणाली, “आई, बोलू नकोस.” जास्त बोलायला तिच्याकडे हवा नव्हती, पण मला बोलू द्यायचं नव्हतं, कारण मी बोलले की तिला उत्तर द्यावंसं वाटायचं.

सर्दी गेल्यावरही काही आठवडे छाती हळवी राहते, यामागेही कारण आहे. श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना स्वतःला आवर घालायची एक सोय असते, एम-२ नावाच्या ग्राहींची, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांची. स्नायू आवळण्याचा संदेश पुरेसा गेला की हे ग्राही तो थांबवतात. विषाणूसंसर्गात हा आवर ढिला पडतो हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मग अत्तराचा वास, थंड हवेची झुळूक, जोराचं हसणं, कशानेही नळी आवळते. खरचटलेल्या गुडघ्याला कपड्याची नुसती घडी लागली तरी चरचरतं, तसं. म्हणून ‘सर्दी तर कधीच गेली, आता कसला खोकला’ असं मुलाला म्हणू नये. नाक बरं झालेलं असतं, अस्तर अजून झालेलं नसतं.

आता ॲलर्जी या गोष्टीत कुठे येते? मला सगळ्यांत विचारात पाडणारा भाग हा आहे. २००६ मध्ये इंग्लंडमधल्याच एका अभ्यासात दम्यामुळे रुग्णालयात आलेल्या मुलांची तुलना दमा स्थिर असलेल्या मुलांशी आणि इतर कारणांनी भरती झालेल्या मुलांशी केली. ॲलर्जी असणं, त्याच ॲलर्जीचा पदार्थ घरात भरपूर असणं आणि त्याच वेळी विषाणूचा संसर्ग होणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर रुग्णालयात जाण्याची शक्यता जवळजवळ १९ पट झाली. एकेकटी गोष्ट एवढा घात करत नाही. याचं कारण बहुधा रक्तातल्या एका खास पेशीत आहे. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी इंटरफेरॉन तयार करण्यात सगळ्यांत तरबेज. पण त्यांच्या अंगावर आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, चिकटतं, आणि ॲलर्जीचा पदार्थ येऊन ते सक्रिय झालं की या पेशी इंटरफेरॉन कमी सोडतात. म्हणजे ॲलर्जी जागी असताना विषाणूविरुद्धचा हात बांधला जातो, आणि विषाणू येऊन ॲलर्जीच्या फौजेला आणखी चेतवतो. दोघं एकमेकांना हात देतात.

ही नुसती कल्पना नाही. ओमालिझुमॅब हे औषध आयजीईला पकडून निकामी करतं. विषाणूशी त्याचं काही देणंघेणं नाही. २०११ मध्ये अमेरिकी शहरांतल्या दमेकरी मुलांवरच्या मोठ्या चाचणीत असं दिसलं, की हे औषध घेणाऱ्यांमध्ये शरद ऋतूतला, सर्दीच्या मोसमातला, झटक्यांचा तो ठरलेला उंचवटा जवळजवळ सपाट झाला. २०१५ च्या पुढच्या चाचणीत शाळा उघडण्याच्या काही आठवडे आधी औषध सुरू केलं, तेव्हा झटके घटले आणि रक्तातल्या पेशी ऱ्हायनोव्हायरसला पूर्वीपेक्षा जास्त इंटरफेरॉनने उत्तर देऊ लागल्या. विषाणूला हातही न लावणारं औषध विषाणूमुळे येणारे झटके रोखतं. ‘तीच सर्दी, मग हिलाच का’ या माझ्या प्रश्नाला इतकं थेट उत्तर दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

मुलगी मोठी झाल्यावर शाळेच्या पुस्तकात प्रतिकारशक्तीचा धडा आला तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त?” मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण मोठी माणसंसुद्धा तिथेच अडकतात. दमा म्हटलं की ‘हिची प्रतिकारशक्ती वाढवायला हवी’ असं सांगणारे दहा जण भेटतात, हातात कुठल्यातरी काढ्याची नाहीतर गोळ्यांची जाहिरात घेऊन. मी तिला सांगितलं, की एका बाजूला थोडी कमी आणि दुसऱ्या बाजूला बरीच जास्त. आणि मग एक जुनी, वाईट घटना सांगितली.

आरएसव्ही नावाचा विषाणू १९५६ मध्ये आधी चिंपांझींमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी तान्ह्या बाळांमध्ये. बाळांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना सूज आणणारा, जगभर लाखो बाळांना रुग्णालयात पाठवणारा हा विषाणू. १९६० च्या दशकात त्यावर फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस तयार झाली आणि अमेरिकेत बाळांना देऊन पाहिली. लशीमुळे प्रतिपिंडं तयार झाली. आकडे चांगले होते. मग १९६६-६७ च्या हिवाळ्यात खरा विषाणू आला. एका गटात लस दिलेल्या ज्या बाळांना संसर्ग झाला त्यांतल्या ८० टक्के बाळांना रुग्णालयात न्यावं लागलं. लस न दिलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. पुढे कळलं की ती प्रतिपिंडं विषाणूला चिकटत होती, पण निकामी करत नव्हती, आणि शरीराचं उत्तर ॲलर्जीच्या दिशेने वळलं होतं. प्रतिकार कमी पडलेला नव्हता, तो भलत्या वाटेला लागला होता. त्या धक्क्यातून सावरायला विज्ञानाला जवळजवळ अर्धं शतक लागलं. २०१३ मध्ये विषाणूवरच्या एका प्रथिनाचं, पेशीला जोडण्याआधीचं नेमकं रूप उलगडलं, आणि त्या रूपावर बेतलेल्या लशी २०२३ मध्ये मंजूर झाल्या. त्या दोन बाळांच्या आईवडिलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांनी विश्वासाने बाळाचा हात पुढे केला होता.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. विषाणू दम्याचा झटका आणतो हे ठीक, पण विषाणू दमा निर्माण करतो का? की ज्या मुलाला पुढे दमा होणारच होता, त्याची छाती सर्दीत आधी वाजते, एवढंच? प्रत्येक आईवडिलांच्या मनात हा प्रश्न असतो, कारण त्यामागे आणखी एक प्रश्न दबा धरून असतो: आपण पहिल्या वर्षी बाळाला जपलं असतं तर?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन इथे १९८० मध्ये सुरू झालेला एक अभ्यास हजाराहून अधिक मुलांना जन्मापासून पाहत आला आहे. त्यातून पहिला दिलासा मिळाला: पहिल्या तीन वर्षांत जी बाळं घरघरतात, त्यांतली बहुतेक सहाव्या वर्षापर्यंत थांबतात. आणि आरएसव्ही झालेल्या मुलांत घरघरीचा धोका सहाव्या वर्षी वाढलेला दिसला, पण तेराव्या वर्षापर्यंत तो फरक पुसट झाला. दुसरीकडे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचा अभ्यास आहे. तो १९९८ मध्ये सुरू झाला आणि त्यात आईवडिलांपैकी एकाला तरी दमा किंवा ॲलर्जी असलेली बाळं घेतली. पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसने छाती वाजलेल्या मुलांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळजवळ दहापट निघाली. आरएसव्हीसाठी ती अडीचपटीच्या थोडी वर होती. याच मुलांकडे पुन्हा बारकाईने पाहिल्यावर असंही दिसलं, की आधी ॲलर्जीची प्रवृत्ती रुजते आणि मग विषाणूने छाती वाजते. उलटा क्रम तितका दिसत नाही. जनुकांचाही हात आहेच. १७व्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्याचा बालपणीच्या दम्याशी संबंध २००७ मध्ये समजला होता. २०१३ मध्ये कळलं की तो धोका मुख्यतः त्याच मुलांत दिसतो ज्यांची छाती लहानपणी ऱ्हायनोव्हायरसने वाजली होती.

मग आरएसव्ही अडवून बघितला तर? नेदरलँड्समध्ये थोड्या लवकर जन्मलेल्या बाळांना त्याविरुद्धचं प्रतिपिंड, पॅलिव्हिझुमॅब, देऊन पाहिलं. २०१३ चा निकाल उत्साह वाढवणारा होता: पहिल्या वर्षात घरघरीचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी. पण तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर फुफ्फुसांच्या क्षमतेत आणि डॉक्टरांनी केलेल्या दम्याच्या निदानात ठोस फरक नव्हता. हे वाचून मी हिरमुसले होते. मग २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीमधून पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांचा अभ्यास आला: पहिल्या वर्षात ज्यांना आरएसव्ही झालाच नाही, त्यांना पाचव्या वर्षी दमा असण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, हा फरक लक्षात ठेवायला हवा. माझं मत असं बनलं आहे की दोन्ही बाजू खऱ्या आहेत. काही बाळांचं अस्तर आणि प्रतिकार जन्मतःच एका बाजूला कललेले असतात, आणि वाढत्या फुफ्फुसाला त्या नाजूक महिन्यांत बसलेला विषाणूचा फटका तो कल पक्का करतो. आईवडिलांनी स्वतःला दोष द्यावा असं यात काही नाही. पहिल्या दोन वर्षांत एकही सर्दी न झालेलं बाळ मी तरी पाहिलेलं नाही.

रोजच्या जगण्यात या सगळ्याचा अर्थ मला एकाच ठिकाणी लागतो, आणि तिथे मी हट्टी आहे. स्टेरॉइडचा पंप मूल ठणठणीत असतानाही चालू ठेवायचा. तो विषाणू मारत नाही. पण सर्दी येईल त्या दिवशी अस्तर आधीच सुजलेलं नसावं, याची व्यवस्था तो करतो. मूल खेळायला लागलं की पंप बंद, कारण ‘सवय लागेल’, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता भीड न ठेवता बोलते. त्यातून मिळणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट छातीत जाते. नुसता लगेच मोकळं करणारा पंप ओढत राहणं जास्त धोक्याचं आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून किशोरवयीन आणि मोठ्या माणसांसाठी नुसता तोच पंप वापरू नये असं सांगितलं आहे. झटका विषाणूने आलेला असताना अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हेही तितकंच खरं. आणि हे क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात २६ कोटींहून जास्त लोकांना दमा होता आणि साडेचार लाखांहून जास्त माणसं त्याने गेली. यातले बहुतेक मृत्यू गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तिथे हा रोजचा पंप पोहोचत नाही, नाहीतर पोहोचूनही कपाटात राहतो.

माझी मुलगी आता स्वतःचा पंप स्वतः घेते. सर्दी तिला अजूनही होते, आणि तिसरा दिवस बहुतेक वेळा शांतपणे जातो.

आरएसव्हीविरुद्ध दीर्घकाळ टिकणारं प्रतिपिंड, निर्सेव्हिमॅब, २०२३ पासून काही देशांत सगळ्याच तान्ह्या बाळांना दिलं जाऊ लागलं. ती मुलं अजून लहान आहेत. ती सहा-सात वर्षांची होतील तेव्हा त्यांच्यात दमा खरंच कमी आहे का, हे मोजता येईल, आणि पॅलिव्हिझुमॅबने अर्धवट सोडलेल्या प्रश्नाला मोठ्या प्रमाणावर उत्तर मिळेल. ऱ्हायनोव्हायरसविरुद्ध मात्र अजून ना लस आहे, ना असं काही प्रतिपिंड. दीडशेहून जास्त प्रकारांना पुरेल अशी लस बनवणं कुणाला जमलेलं नाही, आणि शाळकरी मुलांच्या झटक्यांत सगळ्यांत मोठा वाटा त्याचाच आहे.